पैठणीवरचा डायनासोर आणि ममदापूरचा देवमासा!

पैठणी नेसून वडाला फेऱ्या मारणाऱ्या तमाम वहिनी, काकू आणि मावश्यांनो, एक गोष्ट माहीत आहे का? तुमच्या अंगावरची पैठणी आणि तुमच्यासमोरचा वड, दोघांचं घराणं एकच!

थांबा, पटवून देतो. पैठणीचं रेशीम देतो रेशीमकिडा. रेशीमकिडा जगतो तुतीच्या पाल्यावर. आणि तुती कोणाची? वड, पिंपळ, उंबर आणि फणस यांचीच सख्खी भावकी! तुतीचं पान देठाशी तोडा, पांढरा चीक. वडाचं तोडा, पांढरा चीक. फणसाला सुरी लावा, इतका चीक की हाताला तेल लावल्याशिवाय सुटका नाही. बारीक फुलं एकत्र दाटून फळ होण्याची तऱ्हाही तीच. आणि डीएनए तपासला तर तोही हीच साक्ष देतो.

तर मंडळी, विषय असा: पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांचा पूर्वज एकच. वटवृक्ष, वटवाघूळ आणि वाचक, सगळे एकाच वंशावळीत! याचे पुरावे बघायला लंडनच्या म्युझियमचं तिकीट काढायला नको. पैठणीचं गाव असलेल्या येवल्याच्या पेठेत, शेतात आणि माळरानावर सगळा माल हजर आहे. चला, चक्कर मारू.

माहीत आहे का, येवल्याच्या वैभवामागचा सगळ्यात मोठा पतंग कधी उडालेलाच नाही?

संक्रांतीला तीन दिवस येवल्याचं आकाश पतंगांनी गच्च भरतं. धाब्याधाब्यावर मांजाच्या आसाऱ्या गरगरतात, हलकडी कडाडते, पतंग कापला की ‘गेली’चा एकच गलका! पण पैठणीच्या मुळाशी असलेला पतंग वेगळा. रेशीमकिड्याची अळी कोषात जाते आणि मोठी होऊन बाहेर पडते ती पतंग होऊन. चार पंख, अंगावर मऊ लव, पिसासारख्या मिशा, सगळं जागच्या जागी. पण उड्डाण? शून्य! नर पंख फडफडवत जागच्या जागी गिरक्या घेतो, एवढंच. तोंडही नावापुरतं, मोठेपणी हा जीव काही खातच नाही.

मग न उडणाऱ्याला पंख कशाला? कारण याचे पूर्वज उडत होते! बॉम्बिक्स मँडरिना नावाचा जंगली पतंग चीन, जपान आणि कोरियात आजही मस्त उडतो. माणसाने हजारो वर्षं त्याला घरात पाळला, जास्त रेशीम देणारे निवडले, आणि उडणं सुटलं. पंख मात्र वारशात राहिले. वापर संपला तरी वारसा संपत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

एका कोषातून निघणारा अखंड धागा किती लांब? साधारण एक किलोमीटर! कधी थोडा कमी, कधी जास्त. आणि अळीचं वजन? जन्मापासून कोष विणेपर्यंतच्या चारेक आठवड्यांत सुमारे १०,००० पट. जिमवाले प्रोटीन शेक पितात, ही बया नुसता पाला खाते.

आता सगळ्यात चक्रावणारा नग. पाळीव रेशीमकिड्यात गुणसूत्रांच्या २८ जोड्या असतात. चीनमधल्या जंगली भावाकडेही २८. पण जपानमधल्या जंगली भावाकडे २७! एक जोडी गेली कुठे? कुठेही नाही. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून एकमेकांना चिकटली आणि त्यांचं एकच मोठं गुणसूत्र झालं. मजा म्हणजे २७ वाल्याचा आणि २८ वाल्याचा संकर होतो, पिल्लंही होतात.

असंच आणखी एका प्राण्यात झालंय. ओळखा पाहू?

आपल्यात! चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान, तिघांकडे गुणसूत्रांच्या २४ जोड्या. माणसाकडे २३. एक जोडी हरवली म्हणून पूर्वी शंका काढली जायची. १९९१ साली उत्तर हाती आलं: माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र हे दोन जुन्या गुणसूत्रांचं जोडकाम आहे. गुणसूत्राच्या फक्त टोकाला असायला हवी अशी खूण याच्या चक्क मधोमध सापडली. शिवाय गुणसूत्राला मधला एक सांधा असतो, इथे एक चालू सांधा आणि दुसऱ्या, बंद पडलेल्या सांध्याचे अवशेष, असे दोन! शिवण उघडी पडली म्हणतात ती ही.

रेशीम सोडण्याआधी एक इंटरनॅशनल बातमी. २००३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी माणसाच्या कोलॅजेन या प्रथिनाच्या एका भागाचं जनुक रेशीमकिड्यात घातलं. किड्याने काय केलं? निमूटपणे ते वाचलं आणि माणसाचं प्रथिन आपल्या कोषात विणून दिलं!

किड्याला माणसाचं जनुक वाचता आलं कसं? कारण लिपी एकच. जनुकांमधल्या तीन-तीन अक्षरांच्या ६४ शब्दांचा अर्थ कुठल्या प्रथिनघटकाशी लागतो, हे उलगडण्यात आपले हरगोविंद खोराना आघाडीवर होते. त्यासाठी १९६८ चं नोबेल त्यांना दोघांसोबत विभागून मिळालं. किरकोळ अपवाद सोडले तर हा शब्दकोश जिवाणू, कांदा, काळवीट आणि कलेक्टर, सगळ्यांत तोच! १९७८ मध्ये जिवाणूंकडून माणसाचं इन्शुलिन बनवून घेतलं गेलं ते याच जोरावर. तुमच्या ओळखीत कुणी इन्शुलिन घेत असेल, तर समान वंशाचा हा पुरावा त्यांच्या फ्रिजच्या दारातच ठेवलेला आहे.

आता वळूया पदराकडे. हातमागावर कारागीर रंगीत रेशमाच्या बारीक बारीक कांड्या एकेका धाग्याने सरकवत मोर उभा करतो. पदर उलटा धरा, मागून पण मोर तितकाच सुबक. आणि माहीत आहे का, हा मोर म्हणजे चक्क डायनासोर आहे?

‘डायनासोरसारखा’ नाही, डायनासोरच! सगळे पक्षी मांसाहारी, दोन पायांवर धावणाऱ्या डायनासोरांच्या एका शाखेतून आले. डार्विनचं गाजलेलं पुस्तक आलं १८५९ ला, आणि दोनच वर्षांनी, १८६१ मध्ये, जर्मनीत आर्किऑप्टेरिक्सचा जीवाश्म जाहीर झाला. अंगावर पिसं, पण तोंडात दात आणि मागे हाडांची लांब शेपटी. १९९६ मध्ये चीनमधून पिसासारखी लव असलेला डायनासोर समोर आला, आणि त्यानंतर अशांची रांगच लागली. मोराच्या पायावरचे खवले बघा, पुढे आलेली तीन बोटं बघा. तीन बोटांचे असेच ठसे डायनासोर चिखलात सोडून गेलेत.

‘कोंबडीला दात येणं’ म्हणजे अशक्य गोष्ट, नाही का? २००६ मध्ये तेही झालं. एका जनुकीय बदलामुळे कोंबडीच्या भ्रूणात दातांचे अंकुर सापडले, तेही मगरीच्या दातांसारखे निमुळते. कोंबडी तर मोराचीच भावकी. दात गेले, पण दात बनवण्याची कृती कुठेतरी अडगळीत शिल्लक आहे!

आणि मगर? माहीत आहे का, मगर ही पालीपेक्षा मोराच्या जास्त जवळची आहे? दिसायला पालीची थोरली बहीण, पण हृदय पक्ष्यासारखं चार कप्प्यांचं. घरटं करते, पिल्लांची राखण करते, आणि पिल्लं अंड्याच्या आतूनच आईला आवाज देतात. कोंबडीची देतात तशीच.

पदरावर मोराच्या शेजारी कोण? हिरवीगार मुनिया, म्हणजे पोपट. तिचा सगळ्यात शॉकिंग नातेवाईक: ससाणा! ससाणा आणि गरुड सारखेच दिसतात, सारखीच शिकार करतात, म्हणून कित्येक वर्षं दोघांना एकाच घरात बसवलं होतं. २००८ मध्ये पक्ष्यांच्या डीएनएचा मोठा अभ्यास आला आणि ससाणा गरुडाच्या घरातून उठून पोपट-चिमण्यांच्या पंगतीला येऊन बसला. चोच वाकडी दोघांची, पण एक पेरू फोडतो आणि दुसरा पारवा.

शेजारच्या निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर, पक्ष्यांची पंढरी. तिथे डबक्यात बुडी मारून दुसरीकडेच वर येणारी ती चिमुकली टिबुकली बघितलीय? तिचा आजचा सगळ्यात जवळचा नातलग कोण असेल? बदक? चूक. पाणकोंबडी? चूक. उत्तर: लांब पायांचा, गुलाबी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! डीएनए नसता तर हे नातं कुणाच्या बापालाही सुचलं नसतं.

काठावरचं कमळ राहिलंच की! कमळ आणि कुमुद दोन्ही पाण्यात, दोन्हींची पानं गोल, म्हणून आपण दोघांना बहिणी समजतो. चूक! कमळाचे खरे नातलग आहेत काश्मीरचा चिनार आणि रस्त्याकडेला सरळसोट वाढणारा सिल्व्हर ओक. कुमुद फुलझाडांच्या वंशवृक्षात खूप आधी वेगळं झालं. दोघी एकाच तळ्यात राहायला आल्या म्हणून दिसायला सारख्या झाल्या. नातं चेहऱ्यावरून ठरवायचं नसतं, हे कमळ आणि ससाणा दोघेही सांगतात.

आता गाडी काढा आणि राजापूर-ममदापूरच्या माळाकडे चला. येवला तालुक्याचा हा खरा हिरो: काळवीट! गवताळ माळावर कळप उभा असतो. माद्या फिकट तपकिरी, मधोमध काळा कुळकुळीत नर, डोक्यावर पिळदार शिंगं. एखादं दचकलं की पहिली उडी सरळ आकाशात, मग दुसरं, मग सगळा कळप स्प्रिंग लावल्यासारखा.

पहिला धक्का: काळवीट हे हरीणच नव्हे! सांबर-चितळांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, फांद्याही फुटतात. काळविटाची शिंगं जन्मभराची, हाडाच्या गाभ्यावर टोपण चढवल्यासारखी. अगदी बैलासारखी, बोकडासारखी. कारण काळवीट गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या कुळातलं. चितळापेक्षा तुमच्या गोठ्यातली शेळी त्याला जवळची.

दुसरा धक्का मोठा आहे, खुर्ची धरून बसा. काळवीट हा देवमाशाचा भाऊबंद आहे!

देवमासा मासा नाही, हे शाळेत शिकलो. तो श्वास घ्यायला वर येतो, पिल्लाला दूध पाजतो. पण तो सस्तन प्राण्यांपैकी नेमका कुणाच्या घरचा? उत्तर: जोडखुरी प्राण्यांच्या. गाय, शेळी, काळवीट, उंट, डुक्कर आणि पाणघोडा यांच्या. पाणघोडा त्याचा आजचा सगळ्यात जवळचा नातलग.

पुरावा कुठे? घोट्यात! शेळीच्या, काळविटाच्या मागच्या पायात घोट्याचं एक हाड असतं, वर-खाली दोन्हीकडे कप्पीसारखी खाच असलेलं. अशी दुहेरी कप्पी असते फक्त जोडखुरी प्राण्यांत. २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन देवमाशांच्या सांगाड्यांत, पाय असलेल्या देवमाशांत, नेमकं हेच हाड निघालं.

आणि पुढचा पुरावा तर आपल्या देशातला, सिनेमात शोभेल असा. भारतीय भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरच्या कालाकोट भागातून जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. ते गेले, दगड तसेच राहिले. त्यांच्या पत्नीने ते जपून ठेवले आणि नंतर अमेरिकेतले संशोधक हान्स थेविसन यांच्या हवाली केले. प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून कानाजवळचा भाग चुकून तुटला. आणि तुटलेल्या जागी दिसलं कानाचं असं जाड हाड, जे तोवर फक्त देवमाशांच्याच कानात माहीत होतं! प्राणी होता मांजराएवढा, चार पायांचा, खुरांचा, नाव इंडोहायस. वय सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षं. हाडं जड होती, म्हणजे तो पाण्यात बराच वावरत असावा. २००७ च्या डिसेंबरमध्ये ही बातमी जगभर झळकली. दगड जम्मू-काश्मीरचे, गोळा करणारे भारतीय, आणि जपणाऱ्या बाईंचं मोल तर सोन्याच्या जरीपेक्षा जास्त. त्यांनी ते भंगारात काढले असते तर?

अजून पटलं नाही? मग मुरूड, दापोली किंवा मालवणला डॉल्फिन बघायला जा. डॉल्फिनही देवमाशांच्याच घराण्यातला. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची वर-खाली. का? कारण त्याचे पूर्वज जमिनीवर धावत होते, आणि सस्तन प्राण्याची पाठ धावताना वर-खालीच वाकते. ममदापूरच्या माळावर उधळलेल्या काळविटाची पाठ बघा, मग डॉल्फिनचं पोहणं बघा. एकच हालचाल, एक गवतात, एक लाटेत! देवमाशाच्या पोटात मागच्या पायांना आधार देणाऱ्या कमरेची बारकी हाडं आजही लपलेली असतात. १९१९ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्याजवळ एक हंपबॅक देवमासा मिळाला, त्याला तर चक्क बाहेर आलेले मागचे पाय होते.

क्विक फायर! मानेत मणके किती? तुमच्या सात. काळविटाच्या सात. उंदराच्या सात. जिराफाच्या? त्या उंच मिनाराच्याही सातच! मान नसल्यासारख्या दिसणाऱ्या देवमाशाच्याही सात. स्लॉथ आणि मॅनटी हे दोन अवली सोडले, तर सस्तन प्राण्यांचा हिशोब सातवरच.

भोगीच्या दिवशी येवल्यात ताटात काय? तीळ लावलेली बाजरीची भाकरी. संक्रांतीला तिळगुळातला गूळ कशाचा? उसाचा. आणि पतंगाच्या कामट्या कशाच्या? बांबूच्या. माहीत आहे का, बाजरी, ऊस आणि बांबू तिघंही गवत आहेत? मका, गहू, ज्वारी, तांदूळ आणि गणपतीच्या दूर्वासुद्धा! खायचं गवत, गोड गवत, उडवायचं गवत.

या गवतघराण्याचा एक जबरदस्त जुना दाखला महाराष्ट्रातच मिळाला, आणि तो मिळाला शेणात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते तपासले, तर आत गवताच्या पानांतले गारगोटीचे सूक्ष्म कण! त्यांत तांदूळ-बांबूच्या शाखेशी नातं सांगणारे कणही निघाले. २००५ मध्ये हे छापून आलं आणि पुस्तकं बदलावी लागली. तोवर समज असा की गवत पसरलं ते डायनासोर संपल्यावर. इथे तर डायनासोर गवताचे घास घेत होते.

कांद्याशिवाय येवल्याचा लेख? शक्यच नाही!

माहीत आहे का, कांद्याचा डीएनए तुमच्यापेक्षा पाचपट मोठा आहे? माणसाकडे सुमारे ३ अब्ज अक्षरं, कांद्याकडे सुमारे १६ अब्ज. रायन ग्रेगरी नावाच्या कॅनडाच्या जीवशास्त्रज्ञाने तर ‘कांद्याची परीक्षा’च काढली: डीएनएचं प्रत्येक अक्षर कामाचंच असतं म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की कांद्याला माणसाच्या पाचपट अक्षरं कशाला लागतात? भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी! कांद्याच्या डीएनएचा मोठा भाग म्हणजे त्याच त्या तुकड्यांच्या नकला. आणि नातेवाईक कोण? लसूण तर आलाच, पण कोरफड, शतावरी, निशिगंध आणि बांधावरची घायपातसुद्धा त्याच गोतातली.

आपल्या डीएनएतही अडगळ कमी नाही. सुमारे ८ टक्के भाग जुन्या विषाणूंचे अवशेष आहेत. कधीकाळी ते पूर्वजांच्या पेशींत घुसले आणि तिथेच अडकले. आता गंमत बघा: यातले बहुतेक अवशेष चिंपांझीतही आहेत, आणि तेही डीएनएच्या नेमक्या त्याच पत्त्यावर! अब्जावधी जागांतून दोन वेगळ्या प्राण्यांत विषाणू हजारो वेळा योगायोगाने त्याच ठिकाणी बसेल? मानायला जड जातं. एका पूर्वजात बसला आणि दोघांना वारशात मिळाला, हे सरळ उत्तर. यातलं एक विषाणू-जनुक तर आईच्या पोटात वार तयार व्हायला लागतं. म्हणजे तुमचा जन्म सुखरूप झाला त्यात एका प्राचीन विषाणूचाही हातभार!

भूक लागली? नाशिक जिल्ह्यात आहोत, मिसळ मागवा.

पाव फुगवणारं यीस्ट ही एक पेशीची बुरशी. तिच्यात आणि आपल्यात शंभर कोटींच्या आसपास वर्षांचं अंतर. तरी २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठात आशिक काचरू आणि सहकाऱ्यांनी यीस्टची जगायला अत्यावश्यक अशी चारशेहून जास्त जनुकं एकेक करून काढली आणि जागी माणसाची बसवली. जवळजवळ निम्म्या वेळा यीस्ट मजेत जगलं! स्पेअर पार्ट इतक्या वर्षांनीही बसतात, तर कंपनी एकच असणार ना?

वर लिंबू पिळा. आणि पिळता पिळता ऐका: हे लिंबू तुम्हाला लागतं, येवल्याच्या शेळीला लागत नाही. शेळी, गाय, कुत्रा, काळवीट आपल्या शरीरातच ‘क’ जीवनसत्त्व बनवतात. आपल्याला का जमत नाही? आपल्याकडेही ते जनुक आहे, पण मोडलेलं! चिंपांझीचंही मोडलेलं. मकाक माकडाचंही. आणि मोडतोड जुळणारी. गिनीपिगचंही हे जनुक बिघडलंय, पण निराळ्या तऱ्हेने, कारण ते वेगळ्या घरात वेगळ्या वेळी बिघडलं. दोन पैठण्यांवरच्या मोराच्या पिसाऱ्यात नेमकं एकच घर एकसारखं चुकलेलं दिसलं, तर जाणकार सांगेल की दोन्ही एकाच नक्षीच्या कागदावरून विणल्यात. सारखेपणापेक्षा सारखी चूक मोठा पुरावा, आणि मला विचाराल तर या सगळ्या लेखातला सगळ्यात पक्का पुरावा हाच.

मोडक्या वारशाचा आणखी एक नग: तुमच्या डीएनएत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं जनुक आहे! बंद पडलेलं, तुकडे झालेलं, पण आहे. आपण अंडी घालत नाही, पण आपले फार जुने पूर्वज घालत होते. आईच्या पोटातल्या गर्भाला सुरुवातीला बलकाची पिशवीही असते. आत बलक नसतो, पिशवी मात्र येते.

व्हॉट्सॲपवर फिरतं ना, ‘माणूस ५० टक्के केळं आहे’? जरा दुरुस्ती करा. आपल्या सुमारे ६० टक्के जनुकांचे ओळखू येणारे भाऊबंद केळ्यात सापडतात. पण ते भाऊबंद म्हणजे जशीच्या तशी प्रत नव्हे, त्यांच्यातही बराच फरक पडलेला असतो. म्हणजे तुम्ही अर्धे केळं नाही, केळ्याचे दूरचे चुलत मात्र नक्की!

आणि हे तर हॉरर सिनेमातलं वाटेल. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत डोळा घडवायला सुरुवात करून देणारं उंदराचं जनुक माशीच्या पायात चालू केलं. पायावर डोळा उगवला! पण उंदराचा नाही, माशीचा, शेकडो भिंगांचा. ‘इथे डोळा कर’ हा हुकूम उंदराचा, आणि तो माशीला समजला. माशी आणि उंदीर वेगळे झाले त्याच्याही आधीपासूनचा हा हुकूम आहे.

येवल्याच्या मुक्तिभूमीवर थोडं थांबू. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच गावातल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेला तोंडावर नकार दिला. जीवशास्त्राचा आकडा त्यांच्या बाजूने उभा आहे: जगातल्या कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा. २०१२ चा एक अभ्यास तर सांगतो की कॅमेरूनमध्ये मधे फक्त एक नदी असलेल्या चिंपांझींच्या दोन गटांत जितका फरक आहे, तितका वेगवेगळ्या खंडांतल्या माणसांतही नाही. उच्च-नीच शोधायला डीएनएत जागाच नाही.

आता मान वर करून अंकाई-टंकाई किल्ले बघा. हा काळा कातळ लाव्ह्याचा, दख्खनच्या त्या महाउद्रेकातला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच सुमारास भारत आणि सेशेल्स बेटं एकमेकांपासून फाटून दूर सरकली. मग २००३ मध्ये केरळच्या सह्याद्रीत एक जांभळा, गुबगुबीत, टोकदार नाकाचा बेडूक जाहीर झाला, नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. (नाशिककरांनो, हक्क सांगू नका, नाव नाकावरून आहे!) एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी त्याचा डीएनए तपासला, तर जवळचे नातलग निघाले थेट सेशेल्समध्ये, मधे हजारो किलोमीटर खारं पाणी. बेडूक समुद्र पोहून गेला नाही. जमीनच दुभंगली, आणि भावकी दोन्हीकडे विभागली गेली.

रेकॉर्डप्रेमींसाठी आकडा! २०१० मध्ये अमेरिकेच्या डग्लस थिओबाल्ड यांनी सगळ्या सजीवांत आढळणारी २३ प्रथिनं घेऊन गणित मांडलं: पूर्वज एकच, की अनेक वेगवेगळे? ‘एकच’ हे उत्तर जास्त संभवनीय निघालं. किती पट? एकावर २,८६० शून्यं, इतके पट! छापायला बसलो तर संपादक पान नाकारतील.

जाता जाता एक पुरावा तुमच्या अंगावरच. तळहात वर करा. अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरीसारखी शीर ताठ उभी राहिली? ती एका जुन्या स्नायूची दोरी आहे, नाव पामारिस लाँगस. झाडांवर लोंबकळणाऱ्या माकडांत हा स्नायू चांगला मोठा असतो. माणसांत सुमारे १५ टक्के लोकांच्या एका किंवा दोन्ही हातांत तो नसतोच, आणि पकड तरी तेवढीच घट्ट राहते. म्हणून तर हाताच्या शस्त्रक्रियेत दुसरी एखादी दोरी तुटली असेल, तर सर्जन हीच खुशाल काढून तिथे जोडतात. घरातल्या सगळ्यांची मनगटं तपासा, आजीपासून सुरुवात करा!